मुंबई ते न्यूयॉर्क खरंच किती तास लागतात? तिकिटावरून असं काढा

तिकिटावर लिहिलेलं असतं मुंबईहून रात्री १ ला सुटणार आणि सकाळी ७ ला न्यूयॉर्क, तेही त्याच तारखेला, आणि घरी आईला वाटतं सहाच तासांचा प्रवास आहे, कारण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात हे कुणी सांगतच नाही.

मी काय करते, दोन्ही वेळा भारतातल्या करून घेते आणि मगच वजाबाकी.

१. न्यूयॉर्कच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा. (तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे, त्यामुळे आधी तारीख बघा.)

२. म्हणजे जुलैत सकाळचे ७ म्हणजे आपले दुपारचे साडेचार.

३. रात्री १ ते दुपारी साडेचार, साडेपंधरा तास. झालं!

पडताळायचं असेल तर अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, भागिले विमानाचा ताशी वेग ८५०, वर अर्धा तास चढ-उताराचा, म्हणजे पंधराच्या आसपास येतं. उत्तर खूपच जास्त आलं तर मधे कुठेतरी थांबा आहे समजा. येताना वारा पाठीमागून असतो म्हणून बहुतेक वेळा थोडं लवकर पोचतं.

एकच सांभाळा, १२ तारखेला रात्री १ चं विमान म्हणजे ११ च्या रात्रीच घरातून निघायचंय, १२ ला रात्री विमानतळावर गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.