बारीहून ग्रीस: गाडी बोटीत घालून करायच्या ट्रिपचं प्लॅनिंग

गाडीने इटली आणि ग्रीस एकाच ट्रिपमध्ये करायचं असेल तर आधी बोटीची तारीख पकडा, हॉटेलं नंतर. हॉल मिळेल तो मुहूर्त, तसंच आहे हे. जुलै-ऑगस्टमध्ये माणसांना जागा मिळते पण गाड्यांची जागा आणि केबिन आधी संपतात, आणि 15 ऑगस्टच्या आसपास तर अख्खी इटली सुट्टीवर असते, त्या आठवड्यात जाऊच नका असं मी म्हणेन. मे-जून नाहीतर सप्टेंबर बेस्ट.

इटलीतल्या अँकोना बंदरातूनही बोटी सुटतात पण ग्रीसच्या इगुमेनित्सा बंदराला पोचायला 16 तासांच्या आसपास लागतात. दक्षिण इटलीतल्या बारी बंदरातून 8 ते 10 तास, म्हणजे संध्याकाळी चढायचं, झोपायचं, पहाटे ग्रीस. एका रात्रीचं हॉटेल वाचतं म्हणून मी बारीच सांगतो. परत येताना ग्रीसच्याच पात्रास बंदरातून बारी घ्या, म्हणजे आलेल्या रस्त्याने मागे जावं लागत नाही.

गाडी भाड्याची असेल तर बुकिंगच्या आधी दोन गोष्टी विचारा, देशाबाहेर नेता येते का आणि बोटीवर नेता येते का. दोन्हीला हो म्हणाले तर ते अ‍ॅग्रीमेंटवर लिहून घ्या, काउंटरवरच्या माणसाचं तोंडी ओके काही कामाचं नाही. बोटीवर असताना इन्शुरन्स चालतो का तेही विचारा, बऱ्याचदा चालत नाही. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागत असेल तर घरून निघायच्या आधीच काढून ठेवा. आणि बोटीचं तिकीट काढताना गाडीची लांबी-उंची खरी टाका, टपावर बॉक्स असेल तर तो धरून.

इटलीतली खरी डोकेदुखी म्हणजे झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या गावांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, लाल गोलाची पाटी असते आणि वर कॅमेरा. नेव्हिगेशन बिनधास्त आत घालतं आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो, वर भाड्याची गाडी असेल तर कंपनीचा चार्ज वेगळा. गाडी गावाबाहेर लावा आणि चालत जा. टोल नाक्यावर पिवळ्या टेलिपासच्या (आपल्या फास्टॅगसारखं) लेनमध्ये शिरू नका. पंपावर ‘सर्वितो’ लिहिलेल्या मशीनवर माणूस भरून देतो पण जास्त पैसे पडतात, ‘फाय दा ते’ म्हणजे आपलं आपण. ‘गाझोलियो’ म्हणजे डिझेल, ‘गॅस’ समजून घोळ घालू नका.

आता बोटीत चढायचं. सुटायच्या दोन तास आधी तरी पोर्टवर हजर राहा, चेक-इन एकीकडे आणि बोट दुसरीकडे असं असू शकतं. बरेचदा आत गाडी फक्त ड्रायव्हर नेतो, बाकीचे जिन्याने. आत लोखंडी ओला डेक, डिझेलचा वास, ट्रकच्या साखळ्यांचा खणखणाट, आणि शिट्टी मारत एक माणूस तुम्हाला ट्रकला खेटून रिव्हर्स घ्यायला लावतो, आरसा लागेल असं वाटतं पण त्याच्या हातांकडे बघत राहा, त्याला बरोब्बर माहीत असतं. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, अलार्म बंद करा, नाहीतर हादऱ्याने रात्रभर बोंबलत बसेल. डेकचा नंबर आणि जिन्याचा फोटो काढा. रात्रीची पिशवी तेव्हाच घ्या, कारण बोट सुटली की गाड्यांचा डेक बंद. मी पहिल्यांदा स्वेटर गाडीतच ठेवला, केबिन न घेता खुर्चीचं तिकीट काढलं होतं आणि एसी असा की रात्रभर टॉवेल गुंडाळून बसलो. म्हणून म्हणतो, दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असेल तर केबिन घ्याच.

दिवस साधारण असे पडतात. पहिले दोन बारीच्या आसपासची अल्बेरोबेल्लो आणि मातेरा ही गावं, दुसऱ्या संध्याकाळी बोट. तिसऱ्या दिवशी इगुमेनित्साहून एग्नातिया हायवे, पण टाकी फुल्ल करूनच चढा, पुढे डोंगर आणि बोगदेच बोगदे. पहाटे उठलेलो असतो म्हणून त्या दिवशी 80-85 किलोमीटरवरच्या योआनिनालाच थांबा, तळ्याकाठी बसा, हिरोगिरी नको. चौथा दिवस मेटेओरा, उंच खडकांवरचे मठ. सहा मठ चालू आहेत पण प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी वेगळी, त्यामुळे कुठला कधी बंद ते बघून क्रम लावा. बायकांना स्कर्ट आणि पुरुषांना फुल पँट लागते. पाचवा दिवस डेल्फी, हा पल्ला सगळ्यात लांब, सकाळी लवकर निघा.

सहाव्या दिवशी गालाक्सिदी, नाफपाक्तोस असं समुद्राच्या कडेकडेने या आणि रिओ-अंतिरिओ पुलावरून पात्रास. 2004 ला सुरू झालेला, 2,880 मीटरचा पूल आहे, भारीच दिसतो पण टोलही तसाच भारी. त्याच्या शेजारी छोटी फेरी अजून चालते, ती स्वस्त पडते आणि खालून पूल जास्त चांगला दिसतो.

ग्रीसचं घड्याळ इटलीपेक्षा एक तास पुढे, तिकिटावरची वेळ त्या त्या पोर्टची असते. मोबाईल आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ नाही. पात्रासला पोचायची वेळ ठरवताना गाडीतल्या घड्याळाकडे बघू नका.