घरच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करताय? या चुका टाळा

हल्ली काही हजारांत एका हाताने उचलता येईल असं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन मिळतं. गेटची निखळलेली बिजागरी, गच्चीवरचा कुंड्यांचा स्टँड, खिडकीच्या ग्रिलचा तुटलेला गज, एवढ्याशा कामासाठी फॅब्रिकेशनवाल्याकडे दहा खेपा कोण घालणार? म्हणून आपण घरीच मशीन लावतो. मीही सात वर्षं रो-हाउसच्या पार्किंगमध्ये लावतोय, त्यामुळे घरी वेल्डिंग करूच नका असं मी सांगणार नाही. पण फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सहसा नसतं ते सगळं आपल्या पार्किंगमध्ये असतं. पेट्रोल भरलेली स्कूटर, रद्दीचे गठ्ठे, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, रंगकामातून उरलेला थिनर, आणि "काका, काय बनवताय?" म्हणत कुंपणाशी येणारी मुलं. घरी वेल्डिंग करताना घात होतो तो बहुधा यांच्यापायी.

सामान कोपऱ्यात सरकवून काम सुरू करणं

ठिणगी किती लांब जाते याचा अंदाज नवख्याला येतच नाही. अग्निसुरक्षेच्या नियमांत वेल्डिंगभोवती 35 फुटांपर्यंत जळण्यासारखं काही ठेवू नये असं सांगतात. आपलं पार्किंग लांबीला जेमतेम 18-20 फूट, म्हणजे त्यातला कुठलाच कोपरा सुरक्षित नाही. स्कूटर बाहेर रस्त्यावर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत येते, त्यामुळे "टाकीचं झाकण बंद आहे की" एवढ्यावर विसंबू नका. बाहेर काढताच येत नाही अशा वस्तूवर जुना फ्लेक्स टाकायची आपल्याकडे फार सवय आहे. फ्लेक्स प्लास्टिकचा, तो स्वतःच पेट घेतो. झाकायचंच तर पत्रा वापरा. दाराखालची फट, ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण, भिंतीत पाइपसाठी पाडलेलं भोक, हेही आधी बघून बंद करा. ठिणगी अशा फटींतून सहज आत जाते.

अंगावरच्या कपड्यांचंही तेच. नायलॉनची ट्रॅक पँट वितळून कातडीला चिकटते. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, जीनची पँट बुटावरून खाली सोडलेली, चामड्याचे हातमोजे. चप्पल घालून तर अजिबात नाही.

स्वतःचे डोळे झाकणं आणि बाकीच्यांचे विसरणं

काळा गॉगल वेल्डिंगला चालत नाही, मग तो गॅस वेल्डिंगचा का असेना. घरच्या कामाला हेल्मेटमध्ये साधारण 10 नंबरची गडद काच लागते, जास्त अँपिअरला 11. आतून पारदर्शक चष्माही घाला, कारण स्लॅग (जोडावर जमलेली कडक पापडी) ठोकताना आपण हेल्मेट वर करतो आणि गरम कपची नेमकी तेव्हाच उडते.

वेल्डिंगच्या उजेडाची झळ लागली तरी डोळा लगेच दुखत नाही, साधारण तीन ते बारा तासांनी दुखतो. म्हणजे दुपारी काम, आणि रात्री झोपेतून उठवणारी वेदना, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी. अशा वेळी दुधाचे थेंब, बटाट्याचा रस असले उपाय डोळ्यात घालू नका. बंद पापणीवर गार पाण्याची पट्टी ठेवा, डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि डॉक्टरांकडे जा. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून घालत राहणं तर फारच वाईट. त्यानं दुखणं कळत नाही आणि बुबुळाची जखम भरायची थांबते.

मोठ्या माणसाला "बघू नका" म्हटलं की तो मान वळवतो. मुलं मात्र बोटांच्या फटीतून बघतात, आणि त्यांच्या त्या रात्रीच्या दुखण्याला आपण जबाबदार असतो. रस्त्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा केल्याशिवाय मी होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरणारा चिमटा) हातात घेत नाही. पत्रा जुना, रंगवलेला घ्या. नवा चकचकीत पत्रा उजेड परतवतो.

एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणं

एमसीबी म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप बंद होणारा स्विच. तो बदलणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते, कारण तिचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही.

मशीनवर 200 अँपिअर लिहिलेलं असतं ते रॉडकडे जाणाऱ्या प्रवाहाचं. भिंतीतल्या वायरीतून किती ओढलं जातं हा वेगळा हिशोब. 2.5 मिमीच्या रॉडला 60 ते 90 अँपिअर पुरतात, आणि त्यासाठी 230 व्होल्टच्या सॉकेटमधून साधारण 12 ते 16 अँपिअर जातात. 3.15 मिमीचा रॉड घेऊन 120 वर गेलात की भिंतीतून वीसच्या पुढे. 16 अँपिअरचा एमसीबी पडणारच, त्याचं कामच ते आहे. त्याच्या जागी 32 चा बसवला की एमसीबी पडत नाही, पण प्लास्टरमधली वायर तापत राहते. तिचं आवरण कडक होतं, तडकतं, आणि एखाद्या उन्हाळ्यात गीझर किंवा एसी चालू असताना तिथून धूर येतो. घरी 2.5 मिमीच्या रॉडवरच काम भागवा. मोठं काम वारंवार करायचं असेल तर मीटरपासून वेगळी जाड वायर आणि तिला साजेसा एमसीबी परवानाधारक वायरमनकडून टाकून घ्या, मंजूर भार वाढवायला लागत असेल तर तोही वाढवा.

एक्स्टेंशन निदान 2.5 चौरस मिमी तांब्याचं हवं. रीळवालं असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही.

आता आरसीसीबीबद्दल, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचबद्दल. तो घरात हवाच, पण होल्डरच्या बाजूने बसणाऱ्या शॉकपासून तो वाचवत नाही. मशीनच्या आतला ट्रान्सफॉर्मर ती बाजू घराच्या लायनीपासून वेगळी करतो, त्यामुळे तिथली गडबड आरसीसीबीला कळतच नाही. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर बहुतेक मशीनमध्ये 60 ते 80 व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवणारही नाहीत, पण घामाने भिजलेला हातमोजा आणि पावसाने ओली फरशी असली की हेच व्होल्ट जिवावर बेततात. पावसाळ्यात मी कोरड्या फळीवर उभा राहतो, आणि फरशी ओली असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलतो.

अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. लांब कुठेतरी लावला तर प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, कधी बेअरिंगमधून, कधी घराच्या अर्थिंगच्या तारेतून. गाडीवर काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा.

जीआय पाइप तसाच जोडणं

जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, जस्ताचा थर दिलेला पाइप. त्यावरचं जस्त 907 अंशांना उकळतं, लोखंड वितळायला 1500 च्या आसपास लागतात. म्हणजे जोड होण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर होतो. तो नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडात धातूची चव येते. ताप एक-दोन दिवसांत उतरतो, पण म्हणून तो हलक्यात घेऊ नका. वरून दूध प्यायलं, गूळ खाल्ला की झालं, हा समज चुकीचा आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर जस्त ग्राइंडरने काढा, धूर वर जाताना डोकं त्यात येणार नाही असे बसा, तोंडावर रुमालाऐवजी एन-95 लावा. शटर उघडंच ठेवा. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा कुठलाही धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला आहे. एन-95 नेही वायू अडत नाहीत, म्हणून ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करूच नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

"रिकाम्या" पेट्रोलच्या टाकीला, तेलाच्या ड्रमला किंवा सिलिंडरला घरी हात लावू नका. आत उरलेली वाफच स्फोटाला पुरते. धुऊन घेतलं तरी नाही.

काम नीट होत नाही तेव्हा

रॉड चिकटतोय? करंट थोडा वाढवा, क्लॅम्पखालचा रंग-गंज घासा. जोडात बारीक भोकं पडतायत? रॉड ओलसर आहे. 6013 या प्रकारचे रॉड पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात ठेवा. पातळ चौकोनी पाइप जळून भोक पडतंय? 2 मिमीचा रॉड, 40 ते 60 अँपिअर, आणि सलग ओढण्याऐवजी टाके मारत जा. मशीन मधेच बंद पडलं तर ते तापलंय, पंखा चालू ठेवून थांबा. ग्राइंडरचं गार्ड काढून मोठं चाक बसवणं मात्र कुठल्याच अडचणीवरचा उपाय नाही. मोठं चाक त्या वेगाला फुटतं.

ग्राइंडरचा आवाज वेल्डिंगपेक्षा शेजाऱ्यांना जास्त खुपतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल आहे, ग्राइंडर ती केव्हाच ओलांडतो. कापायचं काम मी सकाळी दहानंतर उरकतो, शेजारच्या आजींची दुपारची झोप सोडून, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवतो.

शेवटचा टाका मारून लगेच आत जाणं

तिसऱ्या वर्षी मी गेटची बिजागरी जोडली, मशीन उचललं, अंघोळ करून जेवायला बसलो. कापड जळल्याचा वास आला. दाराच्या फटीतून एक ठिणगी आत गेली होती आणि पायपुसणं तासभर आतल्या आत धुमसत होतं. ज्वाळ नव्हती, म्हणून कुणाला दिसलं नाही. घरात कुणी नसतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तेव्हापासून काम संपलं की तासभर मी तिथेच खुर्ची टाकून बसतो. शेजारी एबीसी पावडरचा अग्निशामक आणि वाळूची बादली. मशीनचा प्लग काढलेला. दर दहा मिनिटांनी उठून दाराच्या फटीशी, चेंबरच्या कडेला, रद्दी होती त्या कोपऱ्यात हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागते का बघतो. मग स्कूटर आत घेतो.