अनुदानाची फाइल: टेबलाच्या अलीकडून

नाशिक जिल्ह्यात बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली. समोर बसणारा नागलीचे (नाचणीचे) पापड करणारा असो, कांद्याची पावडर करणारा असो की मिसळ मसाल्याचा, पहिला प्रश्न हमखास तोच: "मॅडम, पस्तीस टक्के सबसिडी आहे ना?" आहे. पण ती कोणत्या वाटेनं येते ते आधी समजून घ्या, म्हणजे फाइल कोणासाठी लिहायची ते कळेल.

छोट्या खाद्य उद्योगासाठी सगळ्यात जास्त विचारली जाणारी योजना म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, बोलताना नुसतं पीएमएफएमई. २०२० साली सुरू झाली, पुढे मुदत २०२५-२६ पर्यंत वाढली. म्हणून कागद जमवण्याआधी कृषी कार्यालयात जाऊन अर्ज घेणं चालू आहे का, एवढं विचारून या. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, वर मर्यादा १० लाखांची. स्वतःचा वाटा किमान १० टक्के. उरलेलं कर्ज.

आकड्यात बघा. खर्च १० लाखांचा असेल तर एक लाख तुमचे, नऊ लाख बँकेचे आणि अनुदान साडेतीन लाख. हे साडेतीन लाख तुमच्या हातात येत नाहीत. बँकेतच तुमच्या नावानं वेगळ्या खात्यात पडून राहतात आणि तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. कर्जाची शेवटची रक्कम उचलल्यापासून तीन वर्षं युनिट चालू असेल आणि खातं थकीत गेलं नसेल, तरच ते कर्जात वळते होतात. थोडक्यात, कर्ज मंजूर नाही तर अनुदान नाही, आणि हप्ते चुकले तरीही नाही. सरकारी कार्यालयात फाइल कितीही नटवा, निकाल शाखेत लागतो. म्हणून प्रकल्प अहवाल शाखा व्यवस्थापकासाठी लिहायचा.

नवीनच युनिट टाकताय आणि खर्च मोठा आहे? मग पीएमईजीपी, म्हणजे केंद्राचा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही बघा. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. खुल्या प्रवर्गाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना शहरात २५, गावात ३५. म्हणजे तीच बाई नाशिक शहरातल्या सिडकोत युनिट टाकेल तर २५ आणि दिंडोरीच्या गावात टाकेल तर ३५. राज्याचा असाच मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यासाठी सातपूरला आयटीआय सिग्नलजवळच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे. एकाच मशीनवर दोन योजनांचं अनुदान घेता येत नाही, त्यामुळे एक ठरवा आणि तिच्याच मागे लागा. बचत गटात असाल तर पीएमएफएमईमध्ये प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं. त्याची चौकशी 'उमेद'च्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्याच्या अभियानाच्या ताईंकडे करा.

आता अहवाल. शंभरातले नव्वद अहवाल एकाच झेरॉक्स सेंटरमधून निघाल्यासारखे दिसतात. पहिल्या वर्षी साठ टक्के क्षमता, दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी. कोण म्हणतं, का म्हणतं, पत्ता नाही.

कांद्याचंच घ्या, कारण निफाड-येवला-चांदवडच्या अर्ध्या फाइली त्याच्याच असतात. कांद्यात पाणीच पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर. साल, देठ, मुळं काढून वाळवल्यावर साधारण दहा किलोमागे एक किलो माल हाती येतो. याचा अर्थ लासलगावला क्विंटलमागे हजार रुपये भाव वाढला की तुमची पावडर किलोमागे शंभर रुपयांनी महागते, वीज-मजुरी वेगळी. अहवालात मात्र वर्षभर कांदा बारा रुपये किलो! असा अहवाल मी बाजूला ठेवायचे. तुम्ही तीन भाव धरून तीन तक्ते द्या: क्विंटलला १०००, २००० आणि ३५००. साडेतीन हजाराला काय करणार तेही लिहा. साठवलेला उन्हाळ कांदा वापरणार, की तेवढे दिवस आलं-लसूण पेस्ट करणार, की युनिट बंद ठेवून हप्ता राखीव पैशातून भरणार? "बंद ठेवणार" हे उत्तरसुद्धा चालतं, हिशोबात दिसलं पाहिजे.

दुसरं, वाळवलेल्या कांद्याचा मोठा धंदा गुजरातेत महुव्याला आहे आणि तो पांढऱ्या कांद्यावर चालतो. पांढऱ्यात घन पदार्थ जास्त, पावडरचा रंगही साफ. आपला लाल कांदा खायला चांगला, पण वाळवल्यावर तसा रंग देत नाही. तेव्हा "महुव्याचा माल व्यापाऱ्याला कितीला पडतो आणि तुमचा का घ्यावा?" हा प्रश्न येणारच. हॉटेलांच्या ग्रेव्हीसाठी तळलेला कांदा करणाऱ्या निफाडच्या एका जोडप्यानं याचं उत्तर तयार आणलं होतं: ग्रेव्हीत रंग लागतोच, पांढऱ्याची गरज नाही. सोबत नाशिकच्या चार हॉटेलांची साध्या लेटरहेडवरची पत्रं, महिन्याला किती किलो घेणार याची. त्या फाइलवर मला फारसं विचारावं लागलं नाही.

अशी पत्रं जोडाच. रविवार कारंजावरचा किराणा व्यापारी, कॅन्टीन, मेस, मुंबईतलं दुकान, कोणीही. मोठ्या नावापेक्षा महिन्याचा आकडा महत्त्वाचा.

सध्या आणखी एक गोष्ट फाइलीफाइलीत दिसते, ती म्हणजे २०२७ चा सिंहस्थ. कोट्यवधी भाविक येणार, म्हणून पापड-चिवड्याची विक्री तिप्पट. येतील हो भाविक. पण कर्ज पाच-सात वर्षांचं आणि मेळा त्याहून खूप थोड्या काळाचा. सिंहस्थाची विक्री वेगळ्या ओळीत दाखवा आणि ती वजा करूनही हप्ता निघतो हे सिद्ध करा. नाहीतर मोठं मशीन घेतलं जातं आणि पुढच्या वर्षी त्यावर धूळ बसते.

नागली, वरईवाल्यांची अडचण वेगळी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे माल चांगला, पण अहवालात कच्चा माल "स्थानिक बाजारातून" एवढंच असतं. कोणत्या गावांतून, किती क्विंटल, कापणीनंतर एकदम घेणार की महिन्याला, ते लिहा. एकदम घेणार असाल तर तेवढं खेळतं भांडवल लागेल, आणि ते या ३५ टक्क्यांत बसत नाही. वेगळं मागावं लागतं. इथेच सगळ्यात जास्त युनिटं अडकतात: मशीन आलं, नागली घ्यायला पैसे नाहीत. प्रक्रियेचं प्रशिक्षण नसेल तर मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

जागेची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत, हे कित्येकांना शेवटी कळतं. भाड्याची जागा असेल तर नोंदणीकृत करार कर्जाच्या मुदतीपर्यंतचा हवा, अकरा महिन्यांचा कागद नको. पल्व्हरायझर (दळायचं मशीन) किंवा ड्रायर टाकायचा असेल तर थ्री-फेज मीटर मिळतं का, हे कोटेशन घेण्याआधी वीज कार्यालयात विचारा. मशीनची कोटेशनं जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्यांची, किमान दोन-तीन. आणि मंजुरीआधी रोखीनं मशीन उचलू नका. ते बिल नंतर प्रकल्पात बसत नाही.

बाकी कागद नेहमीचे: आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी, एफएसएसएआय म्हणजे खाद्य व्यवसायाची नोंदणी किंवा परवाना. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट पैसे घेतात, तिकडे जाऊ नका. सिबिल, म्हणजे तुमच्या जुन्या कर्जफेडीचा अहवाल, अर्जाआधी स्वतः काढून बघा. मोबाइलच्या हप्त्याची जुनी थकबाकी निघते आणि मग फाइल तिथेच बसते.

पीएमएफएमईचा अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. तिचं मानधन योजनेतून निघतं, तुमच्याकडून नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नावं मिळतात. "दहा टक्के द्या, सबसिडी करून देतो" म्हणणारा माणूस चहाच्या टपरीवर भेटेलच. त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

शाखेतून पाहणीला माणूस येईल तेव्हा प्रश्नांची उत्तरं ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यानंच द्यावीत. बाईच्या नावावर अर्ज आणि बोलणार तिचे दीर, असं झालं की आम्ही वहीत नोंद करायचो. तिला पापडाच्या पिठातला खार किती ते माहीत असतं, तर हप्ता किती तेही माहीत असू द्या.

दहा लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला बँकेनं तारण मागायचं नसतं. तरी मागितलं, किंवा फाइल परत आली, तर तोंडी "जमत नाही" ऐकून उठू नका. नाकारण्याचं कारण लेखी मागा. ते घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँक (लीड बँक) व्यवस्थापकांकडे जा आणि सोबत अर्जाचा क्रमांक, अहवालाची प्रत आणि शाखेत कागद दिल्याची पोच ठेवा. पोच घ्यायची राहिली असेल, तर आधी शाखेत जाऊन ती घ्या.