गिटारमधली बॅटरी काढूनच ठेवा

बडोद्यात गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वाजलेली सेमी-अकूस्टिक गिटार पुढे दिवाळीपर्यंत कव्हरमध्येच पडून राहते, आत ९ व्होल्टची बॅटरी तशीच. ती आधी काढा. आणि हो, बहुतेक गिटारींत केबल जॅकमध्ये खोचली की प्रीअँप (गिटारच्या आतलं, आवाजाचा सिग्नल वाढवणारं सर्किट) सुरू होतो आणि बॅटरी खात राहतो, बाहेरचा अँप्लिफायर बंद असला तरी. त्यामुळे वाजवून झालं की केबल उपसायचीच.

कप्प्यात पांढरी भुकटी दिसली तर अल्कलाइन बॅटरी गळली आहे. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर जेमतेम व्हिनेगर घेऊन बॅटरीला लागणाऱ्या क्लिपची बटणं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. लाकडावर ओघळ जाऊ देऊ नका. बटणाच्या पाकळ्या फाकल्या असतील तर चिमट्याने हलकेच आत दाबा; आवाज मधूनमधून जातो तो पुष्कळदा याच सैलपणामुळे, आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.