इंटरप्ट हँडलर हलका कसा करायचा
लिनक्स ड्रायव्हरमधे सगळं काम हार्ड हँडलरमधेच (डिव्हाइसचा इंटरप्ट, म्हणजे 'लक्ष द्या' हा इशारा, आला की लगेच चालणारं फंक्शन) कोंबलं असेल तर आधी ते बाहेर काढा, कारण तिथे झोपता येत नाही, म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेता येत नाही, आणि आयटूसीवरचं (चिप जोडायची संथ बस) रजिस्टर वाचायचं म्हणजे थांबावंच लागतं. त्यासाठी कर्नल २.६.३० पासून थ्रेडेड आयआरक्यू आहे, म्हणजे इंटरप्टचं जड काम झोपू शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमधे होतं, तेच वापरा. हार्ड हँडलरमधे फक्त बघायचं, इंटरप्ट आपल्याच डिव्हाइसचा आहे का, नसेल तर आयआरक्यू नन (आपला नाही) परत द्यायचं, असेल तर वेक थ्रेड (थ्रेड उठवा), बास. बाकीचं सगळं थ्रेडमधे.
हार्ड हँडलरच्या जागी नल (म्हणजे काहीच नाही) देत असाल तर वनशॉट फ्लॅग (थ्रेड संपेपर्यंत लाइन बंद ठेवणारा) बहुतेक वेळा लागतोच, नाहीतर आताचा कर्नल नोंदणीच नाकारतो. स्वतःचा हार्ड हँडलर असेल आणि तो डिव्हाइसचा इंटरप्ट बंद करत नसेल, तर या फ्लॅगशिवाय लेव्हल ट्रिगर लाइन (सिग्नल टिकून आहे तोवर इंटरप्ट देणारी) थ्रेड चालायच्या आधीच परत उघडते आणि इंटरप्टचा नुसता पूर येतो. प्रॉक इंटरप्ट्स (/proc/interrupts) या फाइलमधला इंटरप्टचा आकडा भराभर पळत असेल तर आधी हेच तपासा.