हूड आणि डक्टमधले स्प्रिंकलर: कुठे, किती आणि कोणते

हॉटेलच्या स्वयंपाकघरात चुलींवरचा धूर ओढून घेतो तो हूड, आणि तो धूर बाहेर नेणारी पत्र्याची वाट म्हणजे डक्ट. फ्रायरमधल्या तेलाचा भडका हूडचा फिल्टर ओलांडून आत शिरला की आधी प्लेनममधला, म्हणजे फिल्टरमागच्या पोकळीतला ओशट थर पेटतो. पंखा चालूच असतो. तो ज्वाळा डक्टमध्ये ओढतो आणि डक्टच्या पत्र्यावर साचलेला चिकटा वरपर्यंत पेटत जातो. छताच्या स्प्रिंकलरचं पाणी तिथे पोचत नाही, कारण मध्ये पत्रा आहे. म्हणून प्लेनम, कॉलर (हूड आणि डक्टचा जोड) आणि डक्ट यांच्या आत वेगळे स्प्रिंकलर बसवावे लागतात. खाली दिलेली अंतरं आणि तापमानं एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या १३, २५ आणि ९६ या मानकांनुसार आहेत. स्थानिक अग्निशमन नियम याहून कडक असतील तर ते पाळायचे.

आधी जागा ठरवा

प्लेनम ३ मीटरपर्यंत लांब असेल तर बरोबर मध्यावर एक स्प्रिंकलर पुरतो. लांबी त्याहून जास्त असेल तर पहिला टोकापासून १.५ मीटरच्या आत आणि दोन स्प्रिंकलरमधलं अंतर ३ मीटरपेक्षा जास्त नाही. डक्ट जिथे हूडला जोडला जातो त्या प्रत्येक कॉलरला स्वतंत्र स्प्रिंकलर, जोडापासून किमान २५ आणि कमाल ३०५ मिलिमीटर वर. आडव्या डक्टमध्ये पहिला स्प्रिंकलर सुरुवातीपासून १.५ मीटरच्या आत, मग दर ३ मीटरला एक. रायझरच्या, म्हणजे उभ्या डक्टच्या माथ्यावर एक, आणि डक्ट बाजूला वळवून पुन्हा सरळ नेला असेल तर त्या वळणाच्या मध्यावर एक.

समजा हूड ४.८ मीटरचा आहे, कॉलर एकच, पुढे ७ मीटर आडवा डक्ट आणि मग सरळ रायझर. प्लेनमला दोन (दोन्ही टोकांपासून १.२ मीटरवर), कॉलरला एक, आडव्या डक्टला दोन (१.५ आणि ४.५ मीटरवर), रायझरच्या माथ्याला एक. एकूण सहा. खालच्या उपकरणांचे स्प्रिंकलर यात धरलेले नाहीत.

जागा ठरवतानाच प्रत्येक स्प्रिंकलरपर्यंत हात कसा पोचेल तेही ठरवा. डक्टला तपासणीचं दार नसेल तर तो स्प्रिंकलर पुन्हा कुणी पाहणार नाही आणि बदलणारही नाही. दार नंतर कापू, असं म्हणून सोडून देऊ नका; फॉल्स सीलिंग लागलं की ते काम होत नाही.

तापमानाचा वर्ग

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्लेनम, कॉलर आणि डक्ट यांत १६३ ते १९१ अंश सेल्सिअस वर्गाचा, म्हणजे तेवढ्या तापमानाला उघडणारा स्प्रिंकलर लागतो. ऐन गर्दीच्या वेळी, सगळे बर्नर पूर्ण चालू असताना, आतलं तापमान मोजा. ते १४९ अंशांच्या वर जात असेल तर पुढचा, २०४ ते २४६ अंशांचा वर्ग घ्या.

ओळखायची खूण अशी: १६३ ते १९१ वर्गाच्या काचेच्या बल्बमधला द्रव जांभळा असतो. त्याच वर्गाच्या, वितळणाऱ्या जोडाच्या स्प्रिंकलरच्या चौकटीवर लाल रंगाची खूण असते. लाल द्रवाचा बल्ब मात्र ६८ अंशांचा, म्हणजे नेहमीच्या छताचा. ‘लाल हवा’ एवढंच ऐकून कुणी लाल बल्ब बसवला, तर तो आग न लागताच ऐन कामाच्या वेळी फुटेल आणि गरम तेलावर पाणी पडेल. फक्त रंगावर न जाता अंगावर कोरलेला तापमानाचा आकडा वाचूनच स्प्रिंकलर फिरवा.

पाणी किती

स्प्रिंकलरच्या छिद्रातून किती पाणी येईल ते के-फॅक्टर सांगतो; हूड-डक्टमध्ये तो २० ते ८० या मर्यादेतला चालतो. हिशोब सोपा आहे: लिटर प्रति मिनिट म्हणजे के गुणिले दाबाचं (बारमधलं) वर्गमूळ. ०.५ बारला के ८० मधून सुमारे ५७ लिटर, के ४० मधून २८ आणि के २० मधून १४. वरचे सहाही उघडले तर के ८० ने मिनिटाला ३४० लिटर खाली येतील, के ४० ने १७०. हे सगळं पाणी तेलासकट स्वयंपाकघराच्या जमिनीवर उतरणार आहे, म्हणून आम्ही शक्य तिथे लहान के निवडायला सांगतो. मात्र लहान छिद्र गंजाच्या कणाने बुजतं, त्यामुळे अशा लाइनच्या आधी स्ट्रेनर, म्हणजे गाळणी हवीच.

फ्रायरवर साधा स्प्रिंकलर कधीही लावू नका. पेटलेल्या तेलात मोठे थेंब बुडले की पाण्याची क्षणात वाफ होते, तिचं आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं आणि पेटतं तेल बाहेर उसळतं. तिथे फ्रायरसाठीच चाचणी होऊन मान्यता मिळालेला नोझल लागतो, आणि तोही उत्पादकाने दिलेल्या उंचीवर आणि दाबावर. तसा मिळत नसेल तर उपकरणांवर वेट केमिकल (आग विझवणारं द्रव रसायन फवारणारी) यंत्रणा बसवा. पण डक्टच्या पाण्याबरोबर ती चालते, हे उत्पादकाकडून लेखी घ्या.

पाइप, व्हॉल्व्ह आणि गॅस

हूडला पाडलेलं प्रत्येक भोक त्या कामासाठी मान्यता असलेल्या सीलनेच बंद करा. सिलिकॉन भरून भागत नाही. उष्णतेने ते सुटतं आणि पत्र्याबाहेर तेल गळू लागतं. छताबाहेर पाणी गोठण्याइतकी थंडी पडत असेल तर रायझरच्या माथ्याला ड्राय प्रकारचा, म्हणजे उघडेपर्यंत ज्याच्या नळीत पाणी नसतं असा स्प्रिंकलर घ्या.

या लाइनला स्वतःचा व्हॉल्व्ह द्या, उघडा की बंद ते बाहेरून दिसेल असा, आणि शेवटी चाचणीची तोटी. पाइप पूर्ण झाल्यावर १३.८ बारला दोन तास दाब धरून ठेवा. गळती शून्य हवी.

पाणी सुरू होताच हूडखालच्या उपकरणांचा गॅस आणि तापवणारी वीज आपोआप तुटली पाहिजे, आणि ती हातानेच पुन्हा चालू करता यावी. बर्नर चालू राहिला तर विझलेलं तेल पुन्हा पेटतं. हे काम सहसा फ्लो स्विच, म्हणजे पाइपमधलं पाणी वाहू लागलं की चालणारा स्विच करतो, आणि त्यात एक अडचण दडलेली असते. पात्याचे बरेच फ्लो स्विच १५ ते ३८ लिटर प्रति मिनिटाच्या दरम्यान कुठेतरी हलतात. के २० चा एकच स्प्रिंकलर ०.५ बारला उघडला तर प्रवाह १४ लिटर. स्विच जागचा हलणार नाही, गॅस चालूच राहील. त्यामुळे कमी प्रवाहावर चालणारा स्विच मागवा आणि चाचणीच्या तोटीला सगळ्यात लहान स्प्रिंकलरएवढंच छिद्र ठेवा. तोटी पूर्ण उघडून घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही. स्विचवरचा विलंबही तपासा. खोटा इशारा टाळायला तो बराच वाढवून ठेवलेला असू शकतो.

वर्षभराचं काम

वितळणाऱ्या जोडाचे स्प्रिंकलर, चांगले दिसले तरी, दर वर्षी बदला. सततच्या उष्णतेने जोड हळूहळू कमजोर होतो. काचेच्या बल्बवाले वर्षातून एकदा तपासा. ओशटपणा किंवा दुसरं काही साचलेलं नसेल तरच ते ठेवता येतात. थर असेल तर पुसून पुन्हा वापरू नका, कारण थराखाली बल्ब उशिरा तापतो आणि पुसताना त्याला तडा जाऊ शकतो.

डक्ट साफ करणारे स्प्रिंकलरला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, ते बरोबरच आहे. पण पिशवी तशीच राहते. सफाई संपली की पिशव्या मोजून परत घ्या, जितक्या बांधल्या तितक्या. बल्बवर खरवडणी लागलेली नाही, रसायन उडालेलं नाही आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आहे, एवढं पाहूनच कामाच्या कागदावर सही करा.