ईबेचं टेम्प्लेट आणि पहिली आठशे अक्षरं

ईबे या ऑनलाइन बाजारातल्या लिलावांसाठी टेम्प्लेट, म्हणजे वस्तूच्या वर्णनाचा सजवलेला साचा, करून देण्याचं काम नाशिकमध्ये बसून मिळतं का, असं डिझाइनचा कोर्स नुकताच संपवलेली मुलं-मुली मला हल्ली बरेचदा विचारतात. मिळतं. ईबेची भारतीय साइट २०१८ मध्ये बंद पडली, त्यामुळे सगळाच कारभार आटोपला असा लोकांचा समज आहे. पण इथून परदेशी गिऱ्हाइकाला माल पाठवणारे अजून पाठवताहेतच. नाशिकरोडला जुनी टपाल तिकिटं विकणारे आहेत, भांडी बाजारातून पितळेच्या वस्तू उचलून अमेरिकेला धाडणारे आहेत. या कामाच्या जिवावर हातातली नोकरी मात्र लगेच सोडू नका. एचटीएमएल आणि सीएसएस तुम्हाला येतं असं धरून पुढचं सांगते.

यूट्यूबवर टॅबवाली, फोटो आपोआप सरकणारी टेम्प्लेटं शिकवणारे व्हिडिओ अजून ढिगाने सापडतात. ते बघू नका. २०१७ पासून ईबे लिस्टिंगमध्ये, म्हणजे विकायला लावलेल्या वस्तूच्या पानावर, जावास्क्रिप्ट, फ्लॅश, फॉर्म यातलं काहीही चालवून घेत नाही. फोटो बाहेरच्या सर्व्हरवरून ओढणार असाल तर तो एचटीटीपीएसच हवा. आणि क्लायंट हमखास म्हणणार, "ताई, खाली आपला व्हॉट्सॲप नंबर टाका ना." टाकायचा नाही. फोन, ईमेल, स्वतःच्या वेबसाइटची लिंक, सगळं नियमाबाहेर आहे. लिस्टिंग उडाली की बोल लावतात तो तुम्हालाच.

आता ज्याने माझ्या नाकी नऊ आणले, ते जरा सविस्तर.

फोनवर ईबे तुमचं टेम्प्लेट लगेच दाखवत नाही. आधी फोटो, किंमत, बोली आणि मग वर्णनाचा एक छोटा तुकडा. पूर्ण वर्णन बघायचं तर आणखी एकदा टॅप करावं लागतं, आणि घाईतलं गिऱ्हाईक ते करत नाही. हा तुकडा जास्तीत जास्त ८०० अक्षरांचा असतो. त्यात काय यावं हे तुम्ही सांगितलं नसेल, तर ईबे तुमची सजावट खरवडून टाकतं आणि उरलेल्या मजकुरातून स्वतःच काहीतरी उचलतं. मजकूरच फोटोशॉपमध्ये बॅनरवर लिहून चिकटवला असेल तर खरवडायला काही शिल्लकच राहत नाही.

माझा पहिला मोठा क्लायंट तिकिटांचा व्यापारी होता. टेम्प्लेट लॅपटॉपवर देखणं दिसत होतं: वर गर्द निळा पट्टा, स्वागताच्या दोन ओळी, दुकानाची ओळख, पाठवणीचे नियम, आणि मग तिकिटाची माहिती. फोनवर गिऱ्हाइकाला दिसायचं ते स्वागत, ओळख आणि अर्धे नियम. तिकीट कुठेच नाही.

तिकिटांच्या धंद्यात याने काय बिघडतं ते बघा. आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जाऊ लागली. त्याआधीची लंडनहून यायची. पंचम जॉर्जचं चित्र तेच, पुष्कळदा रंगही तोच. फरक वॉटरमार्कचा, म्हणजे कागदातच उमटवलेल्या पुसट खुणेचा. लंडनच्या तिकिटात एकच तारा, नाशिकच्या तिकिटात तारेच तारे. संग्राहक पैसे मोजतो ते या फरकासाठी. ती ओळ आमच्या टेम्प्लेटमध्ये होती, पण सातव्या परिच्छेदात. परिणाम असा की एकतर "वॉटरमार्क कोणता?" असे निरोप यायचे, नाहीतर कोणी बोलीच लावायचं नाही.

लिलावात आणखी एक पाचर आहे. ठरावीक किमतीच्या विक्रीत वर्णन नंतर बदलता येतं. लिलावावर एकदा बोली पडली की लिहिलेलं खोडता येत नाही, फक्त खाली भर घालता येते. म्हणजे वर स्वागत बसलं असेल तर ते लिलाव संपेपर्यंत वरच बसणार, आणि तुमची दुरुस्ती तळाला, फोनवाल्याच्या नजरेआड. म्हणून हे काम लिस्टिंग चढवण्याच्या आधीच व्हायला हवं.

उपाय सोपा आहे. टेम्प्लेटच्या कोडमध्ये स्कीमा डॉट ऑर्गच्या (कुठला मजकूर कशाचा हे यंत्राला सांगणाऱ्या ठरावीक खुणा) प्रॉडक्ट खुणेचा डिव्ह घाला आणि त्याच्या आत डिस्क्रिप्शन प्रॉपर्टीचा स्पॅन. ८०० अक्षरांच्या आतला मजकूर त्यात भरा. नुसता मजकूर, फार तर साधी यादी. तिकीट असेल तर देश, वर्ष, कॅटलॉग नंबर, वॉटरमार्क, मिंट (म्हणजे न वापरलेलं) की वापरलेलं, मागे डिंक आहे का, हिंजची (अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण आहे का. दुकानाची थोरवी या आठशेत नाही. क्लायंट रुसतील, रुसू द्या.

बाकीचं डिझाइन एवढं छळत नाही. रुंदी टक्क्यांत ठेवा, व्ह्यूपोर्टचा टॅग विसरू नका, शेजारी-शेजारी दोन रकाने नकोत, अक्षर मोठं, पार्श्वभूमी पांढरी. प्रोफेशनल दिसणं म्हणजे बहुतेक वेळा काढून टाकणं. ते जमायला डोळा लागतो आणि तो सरावाने येतो. पहिलं टेम्प्लेट लग्नपत्रिकेसारखं झालं तरी खचू नका, सगळ्यांचं तसंच होतं.

फोटो मात्र टेम्प्लेटने सुधारत नाहीत. फोटोवर चौकट नको, त्यावर अक्षरं नकोत. ईबेला दोन्ही चालत नाहीत. लांब बाजू किमान ५०० पिक्सेल लागते, पण १६०० ठेवा म्हणजे झूम नीट होतं. तिकीट काळ्या कागदावर ठेवून स्कॅन करा, कडेची छिद्रं मोजता येतात. पितळेचा घासलेला तांब्या असेल तर त्याच्या पोटात तुमचा हात, मोबाईल आणि मागची ट्यूबलाइट स्पष्ट दिसते. खिडकीला बटर पेपर लावा आणि तांब्या जरा तिरका ठेवा. मापं सेंटिमीटरबरोबर इंचातही द्या. वजन द्याच, पाठवणीचा खर्च त्यावरच ठरतो.

पेनड्राइव्हवर पाचशे टेम्प्लेटं विकणाऱ्यांकडे फिरकू नका, हे मी ठासून सांगते. त्यातली बरीचशी जावास्क्रिप्टच्या काळातली, आणि उरलेली कोणी केली ते देव जाणे. माझं आणखी एक मत आहे, पटलं तर घ्या: या कामात गुरू करायचा तर डिझायनरला करू नका. जो रोज पार्सलं बांधतो, गिऱ्हाइकाचे निरोप वाचतो आणि परत आलेला माल उघडतो, त्याच्या टेबलाशी दोन-चार दुपारी बसा. गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याला तोंडपाठ असतं, आणि त्या प्रश्नांची उत्तरंच तुमच्या आठशे अक्षरांत जायची आहेत. मला हे कोणी सांगितलं नाही. क्लासमध्ये रंगसंगतीवर मात्र तासन् तास ऐकलं.

पैशांचं थोडक्यात. अर्धे आगाऊ घ्या. किती वेळा दुरुस्ती करून देणार ते आधीच लिहून द्या, नाहीतर "जरा तो पट्टा डावीकडे घ्या" हे दिवाळीपर्यंत चालतं. टेम्प्लेट आणि रोजची लिस्टिंग भरणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचे दर वेगळे सांगा. टेम्प्लेटसोबत रिकाम्या जागा दाखवणारा एक कागद द्या: इथे वर्ष, इथे कॅटलॉग नंबर, इथे वजन. क्लायंटच्या दुकानातला पोरगा त्यावरून स्वतः भरू शकला, तर ते क्लायंट पुढचं काम घेऊन तुमच्याकडेच येतील.